व्यावसायिक गोल्फ स्पर्धेतून सिकलसेलग्रस्त मुलांसाठी निधी: नागपुरात हे जमेल का?

धरमपेठची_सचिव

नमस्कार. आमची नोंदणीकृत विश्वस्त संस्था नागपूर आणि लगतच्या तालुक्यांतील सिकलसेलग्रस्त मुलांच्या तपासण्यांचा, औषधांचा आणि मेडिकलपर्यंतच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंतच्या) प्रवासाचा खर्च उचलते. आमच्या एका हितचिंतकांनी, जे स्वतः गोल्फ खेळतात, व्यावसायिक खेळाडूंची चार दिवसांची स्पर्धा भरवून तिच्या उत्पन्नातून निधी उभारावा असे सुचवले आहे. अमेरिकेत अशा स्पर्धांतून कोट्यवधी डॉलर जमतात, असे ते सांगतात. आमच्या विश्वस्तांपैकी कोणालाही या खेळाची माहिती नाही. हा पैसा नेमका कोठून येतो, आणि आमच्यासारख्या लहान संस्थेने यात पडावे का?

नववा_होल

आपल्या हितचिंतकांचे म्हणणे खरे आहे, मात्र त्यामागची व्यवस्था समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या पीजीए टूरवरील, म्हणजे तेथील व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेतील, बहुतेक स्पर्धांचे यजमानपद ना-नफा संस्थांकडे असते आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम स्थानिक कामांना दिली जाते. या प्रथेची सुरुवात १९३८ मध्ये पाम बीच येथील स्पर्धेने दिलेल्या १०,००० डॉलरच्या देणगीपासून मानली जाते, आणि २०२० पर्यंत एकूण देणग्यांनी ३०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला होता. मेम्फिसची स्पर्धा तर १९७० पासून तेथील सेंट ज्यूड या बालरुग्णालयाशी जोडलेली आहे. हे आकडे उभे राहतात ते दूरचित्रवाणीचे हक्क, मोठे प्रायोजक, तिकिटे घेऊन येणारे प्रेक्षक आणि आठवडाभर विनामोबदला राबणारे स्वयंसेवक यांच्या जोरावर, आणि यांपैकी पहिल्या तीन गोष्टी नागपुरात गोल्फच्या वाट्याला येतील अशी आशा मी तरी धरणार नाही.

बक्षिसाच्या रकमेतून निधी मिळेल असा समज असल्यास तो आधी दूर करावा. बक्षीस हा आयोजकांचा खर्च आहे. शिवाय पहिल्या दोन फेऱ्यांनंतर जो खेळाडू 'कट'मध्ये, म्हणजे पुढील फेऱ्यांसाठी निवडलेल्यांत, टिकत नाही, त्याला सहसा काहीच मिळत नाही आणि प्रवासाचा व राहण्याचा खर्च मात्र त्याने स्वतः केलेला असतो. त्याच्याकडे पुन्हा देणगी मागणे मला योग्य वाटत नाही.

लहान शहरात खरे उत्पन्न होते ते प्रो-ॲममधून, म्हणजे एक व्यावसायिक आणि तीन हौशी खेळाडू यांच्या संघांच्या एकदिवसीय सामन्यातून. अठरा होलच्या, म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याच्या अठरा टप्प्यांच्या, मैदानावर प्रत्येक होलवरून एक संघ एकाच वेळी सुरुवात करतो, असे धरले तर १८ व्यावसायिक आणि ५४ हौशी खेळाडू होतात. उदाहरणादाखल प्रत्येक हौशी खेळाडूकडून १५,००० रुपये घेतले, तर ८,१०,००० रुपये जमतात. व्यावसायिकांचे मानधन, मैदान, कॅडी (खेळाडूंची साधने वाहणारे मदतनीस) आणि जेवण यांचा खर्च प्रायोजकांनी आधीच पेलला असेल, तरच यातील मोठा भाग आपल्या मुलांपर्यंत पोहोचेल. म्हणून चार दिवसांची स्पर्धा सोडून द्यावी आणि फक्त हा एक दिवस करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबनीस_रामदासपेठ

ताई, वरील सल्ला योग्यच आहे; मी हिशेबाच्या बाजूने भर घालतो. कंपन्यांकडे जाताना आपली मागणी कोणत्या खात्यातून पुरी होणार आहे, हे ठरवूनच जावे. सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या, नियमांनुसार स्वतःच्या उत्पादनाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरता येत नाही. मैदानावर कंपनीचा फलक हवा असेल, तर तो पैसा तिच्या जाहिरात खात्यातून यावा आणि त्यावरील जीएसटीचा विचार करारातच व्हावा. मुलांच्या उपचारांसाठी सीएसआर निधी हवा असेल, तर आपल्या संस्थेची सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठी लागणारी) नोंदणी असली पाहिजे आणि ती रक्कम स्पर्धेपासून पूर्णपणे वेगळी ठेवली पाहिजे.

हौशी खेळाडूंच्या शुल्काबाबतही काळजी घ्यावी. त्या बदल्यात त्यांना खेळ, जेवण आणि भेटवस्तू मिळत असल्याने संपूर्ण रकमेची आयकर वजावटीची (८०जी) पावती देऊ नये. शुल्क वेगळे, देणगी वेगळी, आणि २,००० रुपयांवरील देणगी रोखीने घेऊ नये, कारण तिच्यावर वजावट मिळत नाही. तसेच नव्या करप्रणालीत गेलेल्या व्यक्तींना ही वजावट मिळतच नाही, त्यामुळे पावतीच्या आकर्षणावर फार भिस्त ठेवू नये. क्लबच्या सभासदांची तात्पुरती समिती स्वतःच्या नावाने पैसे गोळा करणार असेल, तर गणेशोत्सव मंडळे घेतात तशी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ सी खालील परवानगी लागेल. सर्व रक्कम थेट संस्थेच्या खात्यात घेणे अधिक सोयीचे.

बुटीबोरीकर

माझा प्रश्न थोडा कडवट आहे. ज्या ५४ जणांना १५,००० रुपये देणे परवडते, त्यांच्या घरी जाऊन तेवढीच रक्कम सरळ मागितली तर खर्चच होणार नाही. मग हा खटाटोप कशासाठी?

नववा_होल

सरळ मागून मिळत असेल तर जरूर मागावे. परंतु बुटीबोरी आणि मिहानमधील कारखान्यांचे जे अधिकारी आपल्या संस्थेला ओळखतही नाहीत, ते नामवंत खेळाडूबरोबर चार-पाच तास चालण्यासाठी येतात आणि त्या वेळेत संस्थेचे काम ऐकून घेतात. पुढच्या वर्षीच्या देणग्या त्या ओळखीतून येतात. पहिल्या वर्षी केवळ रकमेकडे पाहिले, तर तुमची शंका रास्त ठरेल.

धरमपेठची_सचिव

सर्वांचे आभार. एकदिवसीय प्रो-ॲमचा प्रस्ताव विश्वस्तांपुढे ठेवते. दोन शंका उरतात. डिसेंबरातील तारीख कशी राहील? आणि खेळ न येणाऱ्या सामान्य देणगीदारांना यात सामील करून घेण्याचा काही मार्ग आहे का?

नववा_होल

डिसेंबर टाळावा, हिवाळी अधिवेशनाच्या काळात हॉटेलांत खोल्या मिळणे कठीण जाते आणि मिळाल्या तरी महाग पडतात. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीची सुरुवात बरी.

दुसऱ्या प्रश्नासाठी जॉन डिअर क्लासिक या अमेरिकेतील स्पर्धेची रीत पाहा. तेथे देणगीदार प्रत्येक बर्डीमागे, म्हणजे पारपेक्षा (त्या होलसाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा) एक फटका कमी घेऊन पूर्ण केलेल्या प्रत्येक होलमागे, ठरावीक रक्कम देण्याचे वचन देतात. आपल्याकडे शाळकरी मुलगाही बर्डीमागे एक रुपया कबूल करू शकेल. मात्र केवळ व्यावसायिकांच्याच बर्डी मोजायच्या हे आधी जाहीर करावे, देणगीदाराला कमाल रक्कम लिहून देण्याची मुभा असावी, आणि सह्या झालेल्या स्कोअरकार्डांवरून निघालेली एकूण संख्या त्याच संध्याकाळी प्रसिद्ध करावी, म्हणजे वसुलीच्या वेळी वाद होणार नाही.