मदत हवी आहे : पोरं सरावात उडतात, मॅचला मेंढरं होतात (बास्केटबॉल, सातारा)

पोवईनाका_२२

नमस्कार मंडळी. वेळ कमी आहे म्हणून थेट विचारतो. कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचं लोढणं यंदा माझ्या गळ्यात आहे. झोनलला पहिल्याच मॅचला ५८-२९ असा निकाल लागला. सरावात हीच पोरं बघत राहावं अशी खेळतात. पुढच्या महिन्यात आमच्याच कॉलेजने निमंत्रितांची स्पर्धा ठेवली आहे, बॅनर छापायला गेला आहे, म्हणजे पाव्हण्यांसमोर घरच्या अंगणात मार खायची सोय झालेली आहे. नवख्या टीमला पटकन बसतील असे दोन-तीन प्ले, म्हणजे ठरवून खेळायच्या चाली, सांगा. यूट्यूबवर जे आहे त्यात प्रत्येकाला डंक (उडी मारून बॉल थेट रिंगमध्ये कोंबणं) येतो. 'सातत्य ठेवा' छाप प्रतिसाद नकोत, हात जोडून विनंती.

कृष्णाकाठ_मिरज

मुलं की मुली? ज्युनियर की सीनियर? किती जण? उंची? आठवड्यातून किती दिवस? यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि प्ले मागताय. डॉक्टरकडे जाऊन "दुखतंय, गोळी द्या" म्हटल्यासारखं झालं.

रानवारा

रोज पहाटे अजिंक्यतारा चढवा. पंधरा दिवसांत फरक दिसला नाही तर नाव बदलून ठेवीन. शेवटच्या क्वार्टरला पोरांचे पाय जातात, बाकी काही नसतं.

पोवईनाका_२२

@कृष्णाकाठ, मुलं, सीनियर. १२ जण, त्यातले ८ एफवायचे. सगळ्यात उंच ६ फूट १. आठवड्यातून ४ दिवस, साडेचार ते पावणेसहा.
@रानवारा, पहाटे कुठून आणू? निम्मी पोरं कोरेगाव, मेढ्याहून एसटीने येतात. संध्याकाळीही सव्वासहाची गाडी चुकली की घरून मला फोन.

शिट्टीवाले_काका

३१ वर्षं पीटी शिकवलं, म्हणून बोलतो. प्लेबिले सोडा. २-३ झोन लावा, म्हणजे माणूस नाही, जागा राखायची. दोघे पुढे, तिघे बास्केटखाली. लहान कॉलेजांना लांबून टाकता येत नाही, आत कुणाला शिरू दिलं नाही की स्कोअर आपोआप खाली येतो. मी याच झोनवर विभाग काढला आहे.

सहा_पंचाहत्तर

काका, तो काळ गेला. आता एफवायची पोरंसुद्धा ६.७५ मीटरच्या तीन पॉइंटच्या रेषेवरून बिनधास्त टाकतात. २-३ मध्ये दोन्ही कोपरे मोकळे राहतात, एक बरा शूटर असला की झोनचं गाठोडं बांधून परत पाठवतो. शिवाय झोन खेळून पोरं आळशी होतात, आपला माणूस कोण तेच विसरतात. मॅन टू मॅन शिकवा, पहिले महिने मार खातील, पण खेळाडू तयार होतील.

शिट्टीवाले_काका

पहिले महिने मार खायला त्यांच्याकडे महिने आहेत का? धागा वाचा आधी.

सहा_पंचाहत्तर

वाचला. २९ पॉइंट केलेत त्यांनी. डिफेन्स हा दुसरा प्रश्न आहे.

मोती_चौक

उंचीसाठी सकाळ-संध्याकाळ १० मिनिटं बारला लटकायला लावा. सोबत दुधात अश्वगंधा. माझ्या भाच्याची दोन इंच वाढली.

डॉ_गोटीसोडा

भाचा पंधरा वर्षांचा असेल, वाढायचाच होता. एकोणीस-वीसला बहुतेकांच्या हाडांची टोकं मिटत आलेली असतात, लटकून खांदे तेवढे दुखतील. आणि उंची कुणी विचारलीय?

कृष्णाकाठ_मिरज

परत मुद्द्यावर. @पोवईनाका, मॅचचा व्हिडिओ आहे का? असेल तर एवढंच करा. कागद घ्या आणि शॉट न मारताच बॉल किती वेळा गेला ते मोजा. शेजारी लिहा, कोर्टावर नेमका कुठे गेला. स्कोअरशीटवर हे दिसत नाही.

रानवारा

व्हिडिओ बघून कोण खेळाडू झालाय? गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्रॉन्झ आणलं, कुठला व्हिडिओ होता? आदिती स्वामी साताऱ्यात सराव करून १७ व्या वर्षी, २०२३ साली, बर्लिनला जगज्जेती झाली. आपल्या मातीत दम आहे, पोरांना घाम गाळायला लावा.

सहा_पंचाहत्तर

दोन्ही नावांना मुजरा. पण कुस्ती आणि तिरंदाजीत पास द्यायचा नसतो हो.

पोवईनाका_२२

मोजलं. ऑफिसातल्या एकाने मोबाईलवर काढलेला व्हिडिओ होता, अर्ध्या वेळ त्याचा अंगठा दिसतो. तरी ३४ वेळा बॉल असाच गेला. त्यातले २१ हाफलाईन ओलांडायच्या आधी. आठ सेकंदांत बॉल हाफलाईनपलीकडे नेला नाही म्हणून शिट्टी ५ वेळा. मला वाटलं होतं पोरं घाबरतात. पण एक सांगतो, समोरच्यांनी पहिल्या मिनिटापासून फुल कोर्ट प्रेस लावला होता, म्हणजे बॉल आमच्याच बास्केटखाली असल्यापासून अंगावर येत होते.

कृष्णाकाठ_मिरज

हे सगळ्यात आधी लिहायचं असतं हो सर! गेल्या वर्षी बॉल वर, म्हणजे हाफलाईनपलीकडे, कोण आणायचं?

पोवईनाका_२२

आमचा कॅप्टन. एकटाच आणायचा, त्याच्याकडून कुणी काढून घेतलेला मी बघितला नाही. तो टीवाय होऊन गेला, आता पुण्यात नोकरीला आहे.

कृष्णाकाठ_मिरज

आणि सराव पूर्ण कोर्टवर होतो ना?

पोवईनाका_२२

नाही, अर्ध्या. पलीकडच्या अर्ध्यात व्हॉलीबॉल असतो. त्याचा काय संबंध?

सहा_पंचाहत्तर

हरे राम.

खडूस_आकडेमोड

एक शंका. व्हॉलीबॉल कोर्ट १८ बाय ९. अर्धं बास्केटबॉल कोर्ट १४ बाय १५. बसवता कसं?

पोवईनाका_२२

आडवं घातलंय. दोन्ही टोकं दीड-दीड मीटर मातीत जातात. पाऊस झाला की सर्व्हिस करणारा चिखलात उभा असतो.

कृष्णाकाठ_मिरज

सर, रागावू नका. तुमची पोरं सरावात चांगली दिसतात कारण सराव जिथून सुरू होतो तिथवर ती मॅचमध्ये पोचतच नाहीत. बॉल बाहेरून आत घेणं, वळणं, दोघे अंगावर आले की तिसरा शोधणं, आठ सेकंदांत रेषा ओलांडणं, हे त्यांनी वर्षात एकदाही केलेलं नाही. जो करायचा तो पुण्यात आहे. त्याच्या भरवशावर बाकीच्यांचे हात कच्चे राहिले, यात त्या पोरांचा दोष नाही. नवा प्ले हा हाफलाईननंतरचा विषय.

माझं सांगतो. मिरजेत एका कॉलेजची टीम चार वर्षं बघतोय. आम्ही पहिले पंधरा दिवस ड्रिबलबंदी ठेवतो. पूर्ण कोर्ट, चार विरुद्ध चार, बॉल जमिनीवर टाकायचाच नाही, फक्त पास द्यायचा आणि पळायचं. पहिल्या दिवशी भांडणं होतात. जो तो हात वर करून उभा, बॉल मागतोय, पण जागचा हलत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा पोरगा बॉलकडे चार पावलं परत येऊन घेतो, मग बाकीच्यांना कळतं. त्यानंतर पाच विरुद्ध सात. सात जणांच्या प्रेसमधून निघायची सवय झाली की मॅचमधले पाच विरळ वाटतात.

दोन गोष्टी घोटून घ्या. एक, कुणीतरी कायम मधोमध पाहिजे, सगळे कडेला पळाले की मेलात. दोन, हाफलाईन ओलांडल्या ओलांडल्या कडेच्या कोपऱ्यात थांबायचं नाही. तिथे साईडलाईन आणि हाफलाईन हे समोरच्यांचे फुकटचे दोन खेळाडू असतात. मागे पास दिला की बॅककोर्ट, म्हणजे बॉल त्यांचा.

शिट्टीवाले_काका

हे बरोबर आहे. पण बॉल गेल्यावर मागे पळून झोनच लावा.

मोती_चौक

आहारात काय देता? मॅचआधी केळी की खजूर?

साताऱ्याची_लेक

मी युनिव्हर्सिटीकडून खेळले आहे, मुलींमध्ये. एकच भर घालते. एकाच पोराला नवा कॅप्टन करून परत त्याच्याच गळ्यात बॉल बांधू नका. बाराच्या बारा जणांना आणायला लावा, त्या ६ फूट १ वाल्यालाही. आमच्या सरांनी मी सेंटर म्हणून मला तीन वर्षं बास्केटखाली उभं केलं. कॅम्पला गेल्यावर कळलं, तिथे मी सगळ्यात बुटकी सेंटर, आणि गार्ड म्हणून खेळायला ड्रिबल नाही. डावा हात तर मी नोकरीला लागल्यावर शिकले. अजून राग येतो.

सहा_पंचाहत्तर

ताई, +१००.

पोवईनाका_२२

सगळ्यांचे आभार, काकांसकट. राग नाही, पण दोन दिवस स्वतःवर चिडून होतो. मी केमिस्ट्रीचा माणूस. चूक कुठे होते ते न बघता नवीन रिअ‍ॅजंट मागत बसलो होतो.

कोर्टचं मात्र अडलंय. व्हॉलीबॉलचे सर सीनियर आहेत, त्यांना "नेट काढा" कसं म्हणू?

साताऱ्याची_लेक

काढा नका म्हणू. शेवटची २० मिनिटं द्या म्हणा. आणि चहा पाजून म्हणा.

पोवईनाका_२२

(अठरा दिवसांनी)

अपडेट देतो. चहा आणि कंदी पेढे, दोन्ही खर्ची पडले. शेवटची २० मिनिटं मिळाली. नेट आम्हीच सोडतो, आम्हीच बांधतो.

ड्रिबलबंदीत पहिल्या दिवशी दोघांची खरोखर जुंपली. एक कबड्डीतून आलेला पोरगा आहे, खाली वाकून उभं राहणं त्याला कुणी शिकवायला नको, पण समोरचा शेजारून गेला की त्याचा हात आपोआप कमरेला जातो. सरावाच्या मॅचला दहा मिनिटांत चार फाऊल. पाचव्याला बाहेर. आता त्याला दोन्ही हातांत टेनिस बॉल धरून डिफेन्स करायला लावतोय, म्हणजे धरायला हातच मोकळे नाहीत.

काल शेजारच्या कॉलेजशी सराव मॅच झाली. ४७-४१ हरलो. तेही प्रेसच लावत होते. बॉल गेला १६ वेळा, आठ सेकंदांची शिट्टी एकदाच. बॉल सात वेगवेगळ्या पोरांनी वर आणला, मेढ्याच्या एका पोराने डाव्या हाताने आणला आणि वर येऊन स्वतःच्याच डाव्या हाताकडे बघत राहिला. पण फ्री थ्रो १९ पैकी ७. ४.६० मीटरवर एकटं उभं राहून, अंगावर कुणी नसताना.

शिट्टीवाले_काका

सहा पॉइंटनी हरलात आणि बारा फ्री थ्रो गेले. दमल्यावर मारायला लावा. ताज्या दमाने सगळेच टाकतात. पळवा, दोन मारा, परत पळवा.

रानवारा

पळवा! मी काय सांगत होतो?

पोवईनाका_२२

बरं, आणखी एक घोळ आहे. व्हॉलीबॉलच्या सरांनी आता अट घातली आहे. २० मिनिटांच्या बदल्यात त्यांच्या झोनलला माझा ६ फूट १ वाला ब्लॉकिंगला हवा. काय करू?

सहा_पंचाहत्तर

अजिबात देऊ नका. गेला की परत येत नाही.

साताऱ्याची_लेक

त्या पोराला विचारलंत का?

खडूस_आकडेमोड

देताय तर २० ची ४० मिनिटं मागा.