मदत हवी आहे : भजनाच्या ॲटमॉस मिक्समध्ये पखवाज हरवतो

नमस्कार. अंबाजोगाईतील आमच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी घरीच केले असून, स्टिरिओ मिक्स सर्वांना पसंत पडल्यावर हौसेने डॉल्बी ॲटमॉस (आवाज चहूबाजूंनी व वरूनही येत असल्याचा भास देणारे तंत्र) मिक्सही करून पाहिले. हेडफोनवर टाळकरी दोन्ही बाजूंना आणि किंचित मागे उभे असल्यासारखे वाटतात. मंडपात मधोमध बसल्याचा हा भास स्टिरिओत मिळत नाही, हे मान्य करावेच लागेल. मात्र पखवाजाच्या डाव्या पुडीचा, ओली कणीक लावूनच मिळणारा घुमारा विरतो आणि बुवांचा आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा दूर जातो. हेडफोनसाठीच्या बायनॉरल रूपांतरात डोके व कान यांच्या सरासरी मापांनुसार ध्वनीवर संस्कार होतो, त्याचाच हा परिणाम असावा, असा माझा समज आहे. शिवाय ॲटमॉससाठीची -१८ एलयूएफएसची (एलयूएफएस म्हणजे ऐकू येणाऱ्या आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) मर्यादा पाळल्याने सारेच दबके वाटते, ते वेगळे.

गायन व पखवाज यांचे बायनॉरल सेटिंग ‘ऑफ’ ठेवून केवळ टाळ आणि कोरस ‘मिड’वर (म्हणजे मध्यम अंतराच्या भासावर) ठेवावेत काय? ७.१.४ स्पीकरची (सभोवती सात, एक सबवूफर व वर चार) खोली मला परवडणारी नाही. तेव्हा निव्वळ हेडफोनवर केलेले असे मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर कसे ऐकू येते, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.