सागर रक्षक दलातल्या माणसांना मानधन मिळायला हवं की नको?

खाडीपलीकडची:
माझा मोठा भाऊ सागर रक्षक दलात आहे, दापोली तालुक्यात, अकरा वर्षं झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स आपल्या रायगडातल्या शेखाडीला उतरलं होतं आणि २००८ ला २६/११ चे ते दहा अतिरेकी मुंबईच्या मच्छीमार नगरलाच उतरले, त्यामुळे किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांनीच नजर ठेवायची हे ठरलं. अनोळखी बोट, अनोळखी माणूस, वाहून आलेली संशयास्पद वस्तू दिसली की सागरी पोलिसांना १०९३ वर नाहीतर कोस्ट गार्डला १५५४ वर कळवायचं. पगार नाही. ओळखपत्र आहे, एकदा टी-शर्ट मिळाला होता. सागर कवच म्हणजे किनारा सुरक्षेचा सराव असला की दोन दिवस धंदा बाजूला ठेवून उभं राहायचं.

गेल्या शिमग्याच्या सुमाराला भावाला रात्री खाडीच्या तोंडाबाहेर बिनदिव्याची बोट दिसली, त्याने फोन केला, तिथून दुसरीकडे करायला सांगितलं, तिथून तिसरीकडे, शेवटी एकाने नाव-गाव लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जबाबाला बोलावलं. तो दिवस गेला, डिझेल आदल्या रात्रीच गेलं होतं, आणि ती बोट कोणाची होती ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. तो काही बोलला नाही पण मला फार लागलं. माझं म्हणणं, या माणसांना महिन्याला काहीतरी ठरलेलं मानधन द्या, विमा द्या, बरं लाइफ जॅकेट द्या.

पुळणीवरचा:
ताई, भावाबद्दल आदर आहे पण मानधनाला माझा ठाम विरोध. तंटामुक्त समित्या बघितल्यात ना? बक्षिसाचे पैसे आले तशी भांडणं गावात आली. उद्या मानधन सुरू झालं की यादी कोण करणार, ज्याचा पक्ष त्याची माणसं, जो कधी ओहोटीला पण पाण्यात उतरत नाही त्याचं नाव पहिलं. आज जे आहेत ते मनापासून आहेत, कारण मिळत काहीच नाही. तेवढं तरी राहू द्या.

रात्रपाळी:
म्हणजे मनापासून करणाऱ्याने उपाशी राहावं असं का? होमगार्ड पण स्वयंसेवकच ना, त्यांचा दिवसाचा भत्ता २०२४ मधे ५७० वरून १०८३ झाला. पोलीस पाटलाचं मानधन त्याच वर्षी साडेसहा हजारावरून पंधरा हजार झालं. तिथे कोणी म्हणालं नाही की पैसे दिले तर सेवाभाव जाईल. मच्छीमाराच्या वाट्यालाच हे तत्त्वज्ञान का येतं, मला खरंच कळत नाही.

दीपस्तंभ४७:
मी तीस वर्षं जहाजावर काढली, माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. पैसे द्या की नका देऊ, मुळात हे काम त्यांच्यावर टाकणंच चूक. ७२० किलोमीटरच्या वर किनारा आहे आपला, त्यासाठी गस्तीच्या बोटी, त्यांना डिझेल, चालवायला माणसं हे सरकारचं काम. २६/११ वाल्यांनी पळवलेल्या कुबेरच्या तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याचं, काय झालं आठवा, पोरबंदरचा साधा मासेमारी ट्रॉलर तो, खलाशी मारले, तांडेलाला मुंबईपर्यंत बोट आणायला लावली आणि शेवटी त्यालाही मारलं. अशा माणसांसमोर तुम्ही हातात मोबाईल घेतलेला कोळी उभा करणार? मानधन दिलं की उद्या हेच म्हणतील, पैसे घेता ना मग जा बघून या.

खाडीपलीकडची:
दादा, समोर जा असं कोणी सांगत नाही, प्रशिक्षणातही हेच सांगतात की लांबून बघा आणि कळवा. पण बघणार दुसरं कोण? ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला ती लेडी हान नावाची रिकामी बोट लागली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. नंतर कळलं की मस्कतजवळ सोडून दिलेली, पावसाळी समुद्राने वाहत आणली, घातपात नव्हता. पण ती आधी दिसली गावातल्या लोकांना. दहीहंडीच्या तोंडावर अख्खा जिल्हा नाकाबंदीत होता तेव्हा, आणि सुरुवात एका फोनने झाली. तुमची गस्तीची बोट हवीच, माझा तिला कुठे विरोध आहे? पण ती एका वेळी एकाच ठिकाणी असते, आमच्याकडे प्रत्येक बंदरावर पहाटे चारला कोणीतरी जागा असतो.

देवगडची होडी:
मी स्वतः दलात आहे. पैशाचं जाऊ द्या, ऐकून तरी घ्या अशी परिस्थिती आहे. एलईडी दिवे लावून मासेमारीला २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री बाहेर बघितलं तर उजेडाची रांग लागलेली दिसते. आम्ही कळवतो, फोटो पाठवतो, गस्तीची बोट येईपर्यंत ते निघून गेलेले असतात. मग आमच्यातलीच पोरं म्हणतात, ह्यांना आपला दर्या लुटणारे दिसत नाहीत, आपण मात्र ह्यांच्यासाठी अतिरेकी शोधत बसायचं. हे ऐकून घ्यायला मला त्रास होतो कारण मला त्यांना उत्तर देता येत नाही. कळवलं त्याचं पुढे काय झालं एवढा एक फोन उलटा आला ना, तरी माणूस पुढच्या वेळी परत उठेल.

पुळणीवरचा:
हे एकदम पटलं. माझा विरोध रोख रकमेला आहे. विमा, जॅकेट, वॉकीटॉकी, गस्तीचं डिझेल हे मच्छीमार सोसायटीमार्फत द्या, उलट फोन करा, एक अक्षर बोलणार नाही.

कॉर्नवॉलहून:
मी सध्या इंग्लंडात असते, आमच्या किनाऱ्यावर नॅशनल कोस्टवॉच म्हणून संस्था आहे. इथल्या बास पॉईंटची सरकारी टेहळणी चौकी बंद केली आणि तिथेच खाली दोन मच्छीमार बुडाले, मग १९९४ ला लोकांनी ती चौकी स्वतः उघडली. आता पन्नासच्या वर चौक्या आहेत, सगळे बिनपगारी, देणग्यांवर चालतं. पण तिथे बसणारे बहुतेक निवृत्त, पेन्शनवाले. चार तासांची पाळी केली म्हणून त्यांची त्या दिवसाची रोजी बुडत नाही. म्हणून इथलं उदाहरण देऊन कोणी कोकणातल्या खलाशाला फुकट काम सांगू नये. घ्यायचंच तर एक घ्या, चौकीने कळवलं की कोस्टगार्ड ते गंभीरपणे घेतं.

काशीद रोड:
तुम्ही सगळे बोटींवर बोलताय, आमच्याकडे माणसं बुडतात त्याचं काय? फेब्रुवारी २०१६ ला मुरूडला पुण्याच्या कॉलेजची सहल आली होती, डझनाहून जास्त पोरं गेली. तिथे पाण्याखाली वाळूत चर कुठे पडलाय, ओहोटीला पाणी कुठून खेचतं हे आमच्या शेंबड्या पोराला कळतं, पर्यटकाला नाही कळत. शिट्टी वाजवून ओरडणारा पण गावचाच आणि दोरी घेऊन उडी टाकणारा पण गावचाच. त्याला शिव्या मिळतात, "तू कोण सांगणारा" म्हणून. दलाच्या माणसालाच किनाऱ्यावर थांबवायचा अधिकार दिला तर?

दीपस्तंभ४७:
अधिकार नको. आज बुडणाऱ्याला थांबवेल, उद्या परगावच्या होडीवाल्याला अडवून कागद मागेल. गावागावात मासेमारीवरून आधीच वाद आहेत. जीवरक्षक वेगळा नेमा, पगारी नेमा.

रात्रपाळी:
जीवरक्षक पगारी चालतो मग रात्री बघणारा का नाही चालत? दोघंही जीवच वाचवतायत.

दीपस्तंभ४७:
कारण जीवरक्षकाची जागा आणि वेळ ठरलेली आहे, त्याला जाब विचारता येतो. समुद्रात कोणी रात्री खरंच बघितलं की नाही हे कसं मोजणार?

खाडीपलीकडची:
मोजता येईल, दादा. कळवलेल्या प्रत्येक फोनला नंबर द्या, जबाबाला बोलावलं तर त्या दिवसाचा भत्ता द्या, सरावाच्या दोन दिवसांचा द्या. महिन्याच्या मानधनाचा हट्ट मी सोडते, पुळणीवरच्या भाऊंची यादीची भीती खरी आहे, आमच्याही गावात तेच होईल. पण विमा आणि हा दिवसाचा भत्ता सोडणार नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव मांडतेय, तोवर पावसाळी मासेमारीबंदी उठून होड्या पाण्यात गेलेल्या असतील. देवगडवाल्या दादांनी तुमच्याकडे असा ठराव झाला असेल तर त्याची नक्कल टाका, शब्द कसे घालायचे ते बघते.