वनउद्यानात पोरांसाठी जिओकॅशिंग करायचंय, डबे लपवायचे कुठे?

काजूबी:
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या कॉलनीतली ८ ते १३ वयाची पोरं घेऊन रत्नागिरीत शहराच्या कडेला जे वनउद्यान आहे तिथे एक दिवस जायचं चाललंय, आणि नुसते डबे खाऊन फोटो काढून परत यायचं नाहीये, म्हणून जिओकॅशिंग करावं असं डोक्यात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश देतं, बाकीच्यांनी मोबाइलच्या जीपीएसवर तो शोधायचा, सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. ॲपवर बघितलं तर आमच्या उद्यानात एकही डबा नाही, म्हणजे आम्हालाच लपवावे लागणार. तर विचारायचं हे की जागा कशा निवडायच्या, झाडीत मोबाइल बरोबर जागा दाखवतो का, कुणाची परवानगी लागते का आणि हे सगळं ॲपवर टाकावं की आपल्याआपल्यातच ठेवावं? आधी कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, पोरं जाम एक्साइट आहेत.

सड्यावरचा:
ताई, कल्पना एकदम मस्त, पण जागेचं आधी बोलूया कारण बाहेरच्या व्हिडिओत जे दाखवतात ते आपल्याकडे अजिबात करायचं नाही. तिकडे डबा दगडांच्या फटीत, पोकळ ओंडक्यात, पालापाचोळ्याखाली ठेवतात आणि शोधणारा बिनधास्त हात घालतो. आपल्या जांभ्याच्या गडग्यात (दगडी बांधात) हात घालायचा म्हणजे फुरशाच्या, म्हणजे विषारी सापाच्या, घरात हात घालायचा. फुरसं छोटं असतं, फूट-दीड फूट, रंग मातीपाचोळ्यात मिसळून जातो, दगडाखाली गपचूप बसलेलं असतं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात ते भरपूर आहे. त्यामुळे माझ्याकडून एकच नियम, डबा असा ठेवायचा की तो घ्यायला कुणालाही न दिसणाऱ्या जागेत हात घालावा लागणार नाही. मुलाच्या खांद्याच्या उंचीला फांदीला दोरीने बांधा, बाकाच्या पाठीमागे लोहचुंबकाने चिकटवा (बाक लोखंडी असेल तर), माहितीफलकाच्या खांबाला मागून लावा. डबा हिरवा किंवा मातकट असला की समोर असून दिसत नाही, त्यामुळे शोधायची मजा काही कमी होत नाही. आणि निघायच्या आधी पोरांकडून बोलून घ्या की हात घालायच्या आधी डोळ्यांनी बघायचं आणि दगड उचलायचा नाही.

बूट आणि फुल पँट सगळ्यांना कंपल्सरी, दिवाळीला गवत अजून कमरेएवढं असतं आणि खाजकुयलीच्या शेंगा लागायला लागलेल्या असतात, ती एकदा अंगाला लागली की त्या पोराचा दिवस गेलाच समजा. कुणाला काही चावलंच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हातपाय न हलवता १०८ ला फोन करून सरळ सरकारी हॉस्पिटल. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते त्यामुळे साप कुठला हे ओळखत बसण्यात वेळ घालवू नका.

अक्षांश१७:
जीपीएसचं मी सांगतो. उघड्यावर चांगला मोबाइल साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो, दाट झाडीत पानांमुळे सिग्नल अडतो, उलटसुलट परावर्तित होऊन येतो आणि तीच चूक १०-१५ मीटरवर जाते, म्हणून डबा लपवताना एकदा आकडा बघून निघून येऊ नका, तिथे थोडा वेळ उभं राहून आकडा स्थिर होऊ द्या, मग बाजूला जाऊन वेगळ्या दिशेने परत या आणि पुन्हा घ्या, असे चार-पाच आकडे घेऊन सरासरी काढा. शक्य असेल तर डबा झाडी विरळ आहे तिथेच ठेवा. आणि प्रत्येक डब्याला एक इशारा द्या (उदा. 'वाकलेल्या ऐनाच्या झाडापलीकडे'), शेवटच्या १० मीटरमध्ये मोबाइल खिशात ठेवून डोळेच वापरायचे असतात, पोरांना खरी मजा तिथेच येते.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो आकडे लिहिण्याच्या पद्धतीत. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं (६० मिनिटांचा एक अंश) लिहितात, म्हणजे उत्तर १६° ५९.४००', पूर्व ७३° १८.६००'. गूगल मॅप नुसते दशांश अंश दाखवतो, तीच जागा तिथे १६.९९००, ७३.३१०० होते. कुणी पहिला आकडा तसाच १६.५९४, ७३.१८६ असा टाकला तर पॉइंट जातो विजयदुर्गाच्या समोर अरबी समुद्रात! त्यामुळे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये एकच पद्धत सेट करून घ्या. मिनिटाच्या शेवटच्या दशांशाचा एक आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, हे मोठ्या पोरांना समजावून सांगा, भूगोलाच्या पुस्तकातल्या रेषा पायाखाली आल्यासारखं वाटतं त्यांना. हा खेळ कसा सुरू झाला तेही सांगा, २ मे २००० ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर यांनी एक बादली लपवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले.

रेंजवर विसंबू नका, नकाशा घरूनच डाउनलोड करून न्या.

बोरिवलीकर_भटक्या:
परवानगी लागते, आणि तोंडी नको, उद्यान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना म्हणजे वनविभाग नाहीतर नगरपालिका, साधं पत्र द्या, किती मुलं, किती डबे, कुठे, आणि संध्याकाळी सगळे काढून नेणार. बहुतेक ठिकाणी खूश होतात लोक. पण हे वनउद्यानापुरतं, इथे आमच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी असं करू नका, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे, बिबट्यांचं जंगल आहे, पायवाट सोडून पोरं झाडीत पाठवणं बरोबर नाही. देवराईतही डबे नकोत, गावकऱ्यांची श्रद्धा असते तिथे.

दुसरं, डबा पारदर्शक घ्या आणि वरती मोठ्या अक्षरात मराठीत लिहा, 'हा खेळ आहे, आत वही आहे' आणि तुमचा फोन नंबर. आपल्या किनाऱ्यावर १९९३ ला स्फोटकं उतरली, २००८ ला दहशतवादी समुद्रातून आले, त्यामुळे बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना फोन करतात आणि ते बरोबरच आहे.

ॲपवर टाकायचं तर डबा किमान ३ महिने तिथे राहील असा हवा, दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटर लांब हवा, जमिनीत पुरलेला चालत नाही आणि खायची वस्तू आत ठेवायची नाही. तुमचं एका दिवसाचं आहे म्हणजे ॲपवर टाकूच नका, आकडे कागदावर छापून द्या. खाऊ मात्र तुमच्या खेळातही आत नको, वांदर नि माकडं पोरांच्या आधी पोचतील.

काजूबी:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! पत्र उद्याच देते. खाऊऐवजी आत एकेक रबर स्टॅम्प ठेवते, सापडला की स्वतःच्या कार्डावर शिक्का मारायचा, म्हणजे पहिल्या पोराने बक्षीस नेलं आणि बाकीचे रडले असं होणार नाही. अजून एक, पुढे एखादा कायमचा डबा ठेवायचा झाला तर पावसात टिकेल का?

सड्यावरचा:
टिकतो पण डबा चार कड्यांचा लॉकवाला आणि रबरी गॅस्केट शाबूत असलेला हवा. आपल्याकडे ३००० मिमीच्या वर पाऊस, वही साध्या झाकणात लगदा होते. वही झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी, पेन नको पेन्सिल ठेवा. ऑक्टोबरला जाऊन पुडी बदलून यायची. आणि हे कुणीतरी अंगावर घ्यायला हवं, ज्याला वर्षातून दोनतीनदा बघायला जमणार नाही त्याने कायमचा डबा ठेवूच नये, शेवटी जंगलात प्लास्टिकच पडून राहतं.

त्यापेक्षा बिनडब्याचं करा की! ठिकाणावर जायचं आणि तिथे बघूनच उत्तर देता येईल असा प्रश्न सोडवायचा. आपल्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) कातळशिल्पं आहेत, उक्षी गावातलं हत्तीचं शिल्प आहे, कोकणातली शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, तिथे दगडाला हातही न लावता 'हत्तीचं तोंड कुठल्या दिशेला' असं विचारता येतं. देवाचे गोठणे गावातल्या शिल्पावर तर होकायंत्राची सुईच फिरते, जीपीएस मात्र जागा बरोबर दाखवतो, कारण तो उपग्रहावर चालतो आणि सुई चुंबकत्वावर, खालच्या दगडामुळे ती भरकटते. असं काही पोरांनी स्वतः बघायला हवं.

बांद्याचा_पोर:
हे वाचून आमच्या बाजूला कुणी करणार असेल तर एक सांगतो. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात माकडताप आहे, गोचिडीतून येतो, डिसेंबर ते मे जास्त. त्या दिवसांत झाडीत पोरं नेऊ नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. दिवाळीला गेलात तरी परत आल्यावर पोरांचे कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, मान, गुडघ्यामागे नीट बघा.

बोरिवलीकर_भटक्या:
आणि ताई प्रत्येक टीमला एक गोणपाट द्या, वाटेत दिसणारी वेफर्सची पाकिटं त्यात, जगभर जिओकॅशिंगवाले हे करतात. काचा नि सुया मात्र मोठ्यांनीच उचलायच्या.