अनुभव धागा: घरच्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या तक्रारी

अंडं बिघडलं की बरेच जण थेट टॉनिक आणायला धावतात. आधी अंडं फोडून नीट बघा. टरफल, पांढरं की बलक, काय बिघडलंय त्यावरून कारण कुठे शोधायचं ते कळतं. तुमच्याकडे काय झालं ते लिहा. जात, खाद्य आणि मोसमही सांगा.

सुरुवात मी करते. साताऱ्यात आमच्या कावेरी कोंबड्यांची टरफलं दर वैशाखात पातळ होतात. उन्हात कोंबडी चोच उघडून धापा टाकते, तेव्हा शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि टरफलासाठी लागणारं बायकार्बोनेट रक्तात कमी पडतं. त्यात खाणंही घटतं. म्हणून खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यायचं, खुराड्यावर ओलं गोणपाट टाकायचं. फरक पडतो.

रत्नागिरीहून
टरफलाला कॅल्शियम मिळावं म्हणून तिसऱ्यांची (खाडीतल्या शिंपल्यांची) शिंपलं धुऊन कडकडीत वाळवायची आणि जाडसर कुटायची. पीठ नको. टरफल बनायला 20 तासांच्या आसपास लागतात, त्यातला बराच वेळ रात्रीचा. जाड तुकडा पोटात सावकाश विरघळतो आणि रात्रभर पुरतो. आमची आई संध्याकाळी वेगळ्या करवंटीत ठेवते, जिला हवं ती टिपते. पिल्लांना मात्र देऊ नका, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात.

वर्ध्याहून
आमच्याकडे बलक चक्क हिरवट निघाला, शेवाळी म्हणावा तसा. काही दिवस ठेवलेल्या अंड्यांचं पांढरं गुलाबी झालं होतं. वास नाही, टरफल टणक, कोंबड्या ठणठणीत. घरात कुणी हात लावेना. शेवटी गोठ्यात पाहिलं तर गाईसाठी आणलेल्या सरकीच्या ढेपेचं पोतं खाली फाटलेलं, आणि सगळ्या तिथेच टिपत होत्या. सरकीतल्या गॉसिपॉल नावाच्या द्रव्याने बलकाचा रंग असा बिघडतो. पांढरं गुलाबी होतं ते सरकीच्या तेलातल्या वेगळ्याच घटकामुळे. पोतं उचलून माळ्यावर टाकलं, हळूहळू बलक पिवळा झाला. कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावीच.

कोल्हापूरहून
आधी शिंका आणि घरघर, मग सुरकुतलेली अंडी, पांढरं पाण्यासारखं. पशुवैद्यकांना इन्फेक्शियस ब्राँकायटिस या कोंबड्यांच्या श्वसनाच्या संसर्गजन्य आजाराचा संशय आला. त्याचा विषाणू अंडनलिकेला (जिथे पांढरं आणि टरफल बनतं) इजा करतो, तिथे शिंपलं काय करणार? कोंबड्या सावरल्या, पण काहींची अंडी वेडीवाकडीच राहिली. नवी कोंबडी आणली की निदान दोन-तीन आठवडे वेगळी डालावी, एवढं कळकळीने सांगते.

नाशिकहून
बलकावर रक्ताचा ठिपका दिसला की सासूबाई अंडं टाकून द्यायच्या. अंडाशयातून बलक सुटताना बारीक रक्तवाहिनी फुटते, एवढंच असतं ते. अंडं ताजं असेल तर ठिपका काढून, नीट शिजवून खा.

पुण्याहून
तलंगांची (नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची) पहिली अंडी मऊ किंवा दोन बलकांची निघतात, त्याची काळजी नको. पण कोंबडी पोट फुगवून, शेपूट पाडून बसली, कळा देतेय आणि अंडं येत नाही, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.