गिमलीचा आइसलँडी उत्सव: ऑगस्टमध्ये विनिपेगला जाणाऱ्यांनी पाहावा का?

नौपाडाकर (ठाणे) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी मुलगी व जावई कॅनडातील विनिपेग येथे राहतात आणि जुलैअखेरीस मी, माझी पत्नी व सासूबाई त्यांच्याकडे जाणार आहोत. विनिपेगच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर, तळ्याकाठी गिमली नावाचे गाव आहे. तेथे ऑगस्टच्या पहिल्या सोमवारला जोडून आइसलँडी वंशाच्या लोकांचा वार्षिक उत्सव भरतो आणि मुलीने आम्हाला तेथे नेण्याचा घाट घातला आहे. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत ढाली-तलवारी घेऊन झुंजणारे व्हायकिंग आणि निसरड्या खांबावर बसून एकमेकांना पाण्यात पाडणारे तरुण एवढेच दिसते. आइसलँड कुठे आणि मॅनिटोबा प्रांत कुठे? हे लोक तेथे का गेले, हा उत्सव नेमका कशाचा, आणि जत्रेपलीकडे त्यात काही आहे का, हे जाणकारांनी सांगावे. सासूबाई शाकाहारी आहेत, हेही लक्षात घ्यावे.

सेक्टर सतरा, वाशी

नौपाडाकर, उत्सवाचे आइसलँडी नाव ‘ईस्लेंडिंगादागुरिन’, म्हणजे आइसलँडवासीयांचा दिवस. त्याचे मूळ २ ऑगस्ट १८७४ या तारखेत आहे. आइसलँडमध्ये पहिली कायमची वसाहत झाली ती इ.स. ८७४ मध्ये, असे परंपरेने मानले जाते. त्या घटनेला हजार वर्षे झाली त्या निमित्ताने, तेव्हा आइसलँड ज्याच्या अमलाखाली होते तो डेन्मार्कचा राजा नववा क्रिस्तियान स्वतः तेथे गेला आणि देशाला राज्यघटना मिळाली. त्याच दिवशी अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जमलेल्या मूठभर स्थलांतरितांनीही प्रार्थना करून तो दिवस साजरा केला. विनिपेगमध्ये वार्षिक उत्सव सुरू झाला १८९० साली आणि १९३२ पासून तो गिमलीला भरू लागला. आइसलँडचा आजचा राष्ट्रीय दिन १७ जून आहे. परदेशी गेलेल्यांनी मात्र ऑगस्टचा धरलेला हात सोडला नाही.

आता ते तेथे का गेले, याविषयी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आइसलँडमध्ये कडक हिवाळे, मेंढ्यांचे रोग आणि कसण्याजोग्या जमिनीची टंचाई यांनी शेतकरी आधीच टेकीला आला होता. १८७५ च्या मार्चमध्ये आस्क्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि देशाच्या पूर्व भागातील कुरणे राखेखाली गेली. त्याआधीच कॅनडात पोहोचलेली काही कुटुंबे ऑन्टारिओमध्ये हालअपेष्टा सोसत होती. त्यांच्यासाठी विनिपेग तळ्याच्या पश्चिम काठाची जमीन राखून ठेवण्यात आली आणि २१ ऑक्टोबर १८७५ रोजी, तळे गोठण्याच्या तोंडावर, अडीचशेच्या आसपास माणसे तराफ्यासारख्या सपाट नावांतून गिमलीच्या दक्षिणेला विलो पॉइंटपाशी उतरली. तो भाग तेव्हा मॅनिटोबाच्या हद्दीबाहेर होता. वसाहतीला त्यांनी ‘नवे आइसलँड’ म्हटले, स्वतःचे नियम लिहून कारभार चालवला आणि १८७७ मध्ये ‘फ्रामफारी’ नावाचे वृत्तपत्रही काढले. पोटाला पुरेसे नसताना छापखाना उभारणारी ही माणसे होती. उत्सव पाहताना एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

ऐरोलीचा प्रवासी

वाशीकरांचा इतिहास चोख आहे, पण तेथे गेल्यावर तो शोधावा लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनीच्या कामानिमित्त विनिपेगला असताना मी हा उत्सव पाहिला. खाद्यपदार्थांच्या टपऱ्या, पाळणे, संगीत आणि गर्दी. भाषणे जवळजवळ सगळी इंग्रजीत. तरुणांना आजी-आजोबांकडून ऐकलेले चार शब्द येतात. व्हायकिंगांचा तळ देखणा असतो, परंतु त्या वेशाचा या वसाहतीशी संबंध काय? आलेले लोक मेंढपाळ व शेतकरी होते, आणि आल्यावर तळ्यातली मासेमारी नव्याने शिकले. गावात १९६७ मध्ये उभारलेला व्हायकिंगचा भव्य पुतळा आहेच. त्याचे अनावरण खुद्द आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी केले होते. माझा सल्ला असा की शनिवारी जावे, खांबावरची झुंज पाहावी आणि संध्याकाळी परतावे. त्या झुंजीत दोघे बंदराच्या पाण्यावर आडव्या टाकलेल्या खांबावर समोरासमोर बसतात आणि उशीसारख्या पिशव्यांनी एकमेकांना हाणतात. जिंकणारासुद्धा बहुधा तोल जाऊन पाण्यातच पडतो.

पाचपाखाडीची वाचक

ऐरोलीच्या दादांशी मी सहमत नाही. शनिवारी जाऊन परतलात तर उत्सवाचा गाभाच चुकेल, कारण मिरवणूक आणि उद्यानातला पारंपरिक कार्यक्रम सोमवारी असतो. त्या कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी ‘फ्यात्लकोना’, म्हणजे पर्वतांची स्त्री, असते. पांढरा पायघोळ झगा, त्यावर पांढऱ्या फरची किनार असलेला हिरवा अंगरखा, कमरेला सोनेरी पट्टा, डोक्यावर उंच मुकुट आणि मागे सोडलेला पांढरा पदर, असा तिचा थाट असतो. आपल्याकडे पाडव्याच्या स्वागतयात्रेत चित्ररथावर भारतमाता उभी असते, तसेच हे देशाचे मूर्त रूप. परंतु येथे त्या मानासाठी समाजासाठी आयुष्यभर काम केलेली, पोक्त वयाची स्त्री निवडतात आणि ती मूकपणे उभी न राहता दूर गेलेल्या लेकरांना उद्देशून भाषण करते. त्यानंतर एक भाषण आइसलँडच्या गौरवाचे आणि एक कॅनडाच्या गौरवाचे, असा जुना प्रघात आहे.

उत्सवात फ्यात्लकोना प्रथम आली ती १९२४ साली, विनिपेगमध्ये. खुद्द आइसलँडमध्ये १७ जूनच्या समारंभात अशी स्त्री येऊ लागली ती १९४४ मध्ये प्रजासत्ताक झाल्यानंतर, आणि तेथे ती बहुधा एखादी अभिनेत्री असून कविता वाचते. तेव्हा ज्याला आपण ‘जपलेला वारसा’ म्हणतो, त्यातला मोठा भाग या स्थलांतरितांनी कॅनडातच घडवला आहे. माझ्या दृष्टीने तेच पाहण्यासारखे आहे. भाषा गेली म्हणून सगळे गेले, असेही नाही: १८८० च्या दशकात निघालेली दोन साप्ताहिके १९५९ मध्ये एकत्र झाली आणि ते पत्र, आता मुख्यतः इंग्रजीत का होईना, अजून निघते, मॅनिटोबा विद्यापीठात आइसलँडी भाषेचा विभाग १९५१ पासून आहे.

खाण्याबद्दल: ‘व्हीनारतेर्ता’ हा थरांचा केक जरूर पाहावा. बिस्किटासारख्या पातळ थरांमध्ये वाळवलेल्या आलुबुखारांचा शिजवलेला गर भरतात आणि त्यात चक्क वेलदोडा असतो. केक काही दिवस मुरू दिला की थर मऊ होतात, मग त्याचे लहान चौकोनी तुकडे करतात. थर सातच हवेत का आणि वर साखरेचा लेप द्यावा की नाही, यावर तेथील घराघरांत वाद आहेत. मात्र त्यात अंडे असते, पातळ गोड धिरड्यांतही असते; सासूबाईंना अंडे चालत नसेल तर डबा बरोबर न्यावा. मसाला लावून गुंडाळलेले मेंढीचे मांस आणि लोण्याबरोबर खायचा सुका मासा हे पदार्थही तेथे मिळतात, ते तुमच्यासाठी.

नौपाडाकर

सर्वांचे आभार. सासूबाईंना अंडे चालत नाही, तेव्हा डबा ठरला. एक शंका उरते: त्या जमिनीवर आधी कोणी राहत नव्हते का?

सेक्टर सतरा, वाशी

राहत होते, आणि हे तुम्ही विचारलेत ते बरे केले. तळ्याच्या काठी, रिव्हर्टनजवळच्या सँडी बार येथे मूलनिवासी लोकांची वस्ती होती. १८७६ च्या शरद ऋतूत नव्या मोठ्या तुकडीबरोबर देवीची साथ आली. आइसलँडी वसाहतीत शंभरावर माणसे, त्यातही मुले अधिक, दगावली आणि सगळा भाग १८७७ च्या उन्हाळ्यापर्यंत विलगीकरणात राहिला. सँडी बारची वस्ती तर जवळजवळ उठलीच. तेथील जॉन रॅमसे या मूलनिवासी गृहस्थांनी नवागतांना शिकार व हिवाळा काढणे शिकवले होते. त्याच साथीत त्यांची पत्नी बेट्सी गेली. तिच्या थडग्यावर त्यांनी संगमरवरी शिळा बसवली आणि ती आजही त्या परिसरात आहे.

गिमलीत नव्या आइसलँडच्या वारशाचे संग्रहालय आहे. मिरवणुकीच्या दिवशी गर्दी होईल, म्हणून ते आदल्या दिवशीच पाहून घ्यावे. पाचपाखाडीच्या ताईंचे मत मलाही पटते: मुक्काम करता आला तर सोमवार सोडू नये. आणि विनिपेगमध्ये असताना प्रांतिक विधानभवनाच्या आवारात आइसलँडच्या स्वातंत्र्यचळवळीचे नेते योन सिगुर्दसन यांचा पुतळा पाहता येईल. १७ जून हा त्यांचाच जन्मदिवस.