पटिंग सुधारायचं असेल तर आधी स्पीड, लाइन नंतर. तुमचं मत सांगा

गंगापूररोडकर:
नाशिकमध्ये 'गोल्फ क्लब' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर त्र्यंबक रोडचं क्रिकेटचं मैदान येतं. तरीही गोल्फ शिकणारे आता बऱ्यापैकी वाढलेत, म्हणून हा धागा. नवीन माणूस ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पट मारायला, म्हणजे बॉल जमिनीवरून होलकडे घालवायला उभा राहिला की त्याला चहूबाजूंनी सूचना येतात: डोकं हलवू नको, पटरचा (पट मारायच्या काठीचा) फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, सरळ ठेव, बॉलवरची रेघ होलकडे लाव. सगळं दिशेचं. बॉल किती जोरात मारायचा, हे कोणी सांगत नाही.

साधं गणित बघा. 30 फुटांवरून फेस 1 अंशाने चुकला तर बॉल होलपाशी साधारण सहा इंच बाजूला जातो. आता दिशा अचूक आहे, पण बॉलचा वेग 10 टक्के कमी पडला असं धरा. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे ते 19 टक्क्यांनी घटतं. म्हणजे बॉल जवळजवळ सहा फूट अलीकडे थांबतो. एकीकडे सहा इंच, दुसरीकडे सहा फूट. थ्री-पट (एका होलला तीन पट) कशामुळे होतात ते यातच कळतं.

शिवाय ग्रीनला उतार असेल तर लाइन, म्हणजे बॉलचा मार्ग, अशी एकच नसते. हळू मारला तर बॉल जास्त वळतो, जोरात मारला तर कमी. स्पीड ठरल्याशिवाय लाइन वाचणार तरी कशी? म्हणून माझं स्पष्ट म्हणणं: सरावाचा मोठा भाग 25 ते 40 फुटांच्या पटला द्या, आणि तोही होलकडे न बघता. ग्रीनच्या कडेपर्यंत बॉल नेऊन थांबवायचा, कड ओलांडू द्यायची नाही.

इंदिरानगर_१८:
सर, गणित बरोबर, पण अंतर तुम्ही सोयीचं निवडलंत. तेच 6 फुटांवर करून बघा. वेगात 10 टक्के फरक पडला तर अंतरात फूट-सव्वा फुटाचा फरक. होलच्या दीड फूट पुढे जाईल अशा बेताने मारला असेल तर बॉल तरीही आत जातो. फेस 2 अंशांनी चुकला तर मात्र बॉल अडीच इंच बाजूला. होलची रुंदी सव्वाचार इंच, म्हणजे मधोमधपासून कड दोन इंचांवर. पट गेला.

आणि स्कोअर कुठे बिघडतो? चिप (ग्रीनच्या बाहेरून मारलेला छोटा फटका) चांगली बसते, बॉल पाच-सहा फुटांवर येतो आणि तो आत जात नाही. सगळ्या राउंडभर मनात राहतो तो हाच पट.

दुसरं म्हणजे, सराव करणार कुठे? रोज ग्रीनवर जाणं नोकरदाराला जमत नाही. घरच्या फरशीवर स्पीड शिकता येत नाही, कारण फरशी आणि गवत यांचा काही संबंध नाही. दिशा मात्र शिकता येते. एक मीटरची स्टीलची पट्टी जमिनीवर ठेवायची, तिच्या एका टोकाला बॉल ठेवायचा आणि पट मारायचा. फेस जरा जरी वाकडा असेल तर बॉल पट्टीच्या टोकापर्यंत न पोचता मध्येच घसरून खाली पडतो. पट्टी खोटं बोलत नाही, आणि शेजारी उभं राहून सांगायला कोच लागत नाही.

देवळालीकर:
दोघंही ग्रीन म्हणजे काचेचा टेबल असल्यासारखं बोलताय. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बर्म्युडा गवत असतं, आणि त्याला झुकाव असतो. झुकावाच्या दिशेने बॉल पळतो, विरुद्ध दिशेने अडतो. हे ओळखायचं कसं? होलची कड वाकून बघा. सकाळी कापलेल्या होलची एक बाजू दुपारपर्यंत वाळून फाटकी दिसते, दुसरी बाजू धारदार राहते. गवत फाटक्या बाजूकडे झुकलेलं असतं. हे एवढं बघायला वेळ लागत नाही, तरी कोणी बघत नाही.

ऋतूचंही तेच. जुलै-ऑगस्टमध्ये गवत ओलं आणि दाट, बॉल चिखलातून चालल्यासारखा जातो. मार्च-एप्रिलमध्ये तोच जोर लावला तर बॉल ग्रीनच्या बाहेर. म्हणून मी गंगापूररोडकरांच्या बाजूने. हाताला बसलेली दिशा वर्षभर टिकते, स्पीड मात्र रोज नव्याने बसवावा लागतो.

एक गोष्ट जरूर करा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर सरावाच्या ग्रीनवर जा. द्राक्षवाल्यांना दव नको असतं, पटिंग शिकणाऱ्याला त्याच्यासारखा गुरू नाही. बॉल गेला की मागे गडद रेघ उमटते. कुठून वळायला लागला, शेवटच्या दोन फुटांत किती वाकला, सगळं डोळ्यासमोर. बहुतेकांना वळण कमी वाटतं आणि बॉल खालच्या बाजूने निघून जातो, तेही त्या रेघेत दिसतं. फक्त दव असताना बॉल हळू चालतो, त्या जोराची सवय लावून घेऊ नका.

आकडेमोड:
मला मूळ विषयच मान्य नाही. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेतल्या) लाखो फटक्यांची मोजणी केली. त्यांच्याच पद्धतीवर आधारलेला पटिंगचा आकडा टूरने 2011 पासून वापरायला घेतला. निष्कर्ष असा की चांगल्या आणि सामान्य खेळाडूंमधल्या फरकात पटिंगचा वाटा साधारण 15 टक्के. सगळ्यात मोठा वाटा ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा. 'पार 72 (18 होलसाठी ठरलेले 72 फटके) मधले 36 पट, म्हणजे अर्धा खेळ ग्रीनवर' हे ऐकायला छान वाटतं, पण त्या 36 मधले कितीतरी पट फूटभराचे असतात, ते कोणीच चुकवत नाही. हौशी खेळाडूने तेवढा वेळ आयर्नला (ग्रीनकडे फटका मारायच्या काठ्यांना) द्यावा.

गंगापूररोडकर:
आकडेमोड साहेब, ब्रॉडींचा अभ्यास मला मान्य आहे. पण फरक कुठे पडतो हा एक प्रश्न, आणि मला उपलब्ध असलेल्या तासात काय सुधारेल हा दुसरा. 160 यार्डांचा फटका सुधारायला कोच, रेंज (लांब फटक्यांच्या सरावाची जागा) आणि वर्षं लागतात. थ्री-पट काही आठवड्यांत कमी होतात. आपली गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये फटक्यांच्या लांबीच्या यादीत अगदी तळाशी होती, तरी चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिला तिथवर नेलं ते प्रामुख्याने पटिंगने.

आकडेमोड:
एका आठवड्याचं उदाहरण म्हणजे नियम नव्हे. तिचे आयर्नचे फटके ग्रीनवर पोचत होते म्हणून पटिंग कामी आलं. ज्याचा बॉल दर दुसऱ्या होलला झाडात जातो त्याला पटर काय वाचवणार?

इंदिरानगर_१८:
यावर मी गंगापूररोडकरांबरोबर आहे, पटिंगला वेळ द्यायलाच हवा. पण सर, मूळ प्रश्न राहिलाच. 30 फुटांवरून तुम्ही बॉल चार फुटांवर आणलात. आता तो चार फुटांचा कोण घालणार? तिथे स्पीड नाही, फेसच लागतो.

गंगापूररोडकर:
बरोबर, म्हणूनच चार फुटांवर आणून चालत नाही. टूरवरचे खेळाडू 3 फुटांवरून क्वचितच चुकतात आणि 8 फुटांवरून निम्मेच पट घालतात. त्या पाच फुटांत एवढा फरक पडतो. पहिला पट दोन फुटांत थांबला तर तुमची स्टीलची पट्टी लागणारच नाही. पावसाळ्यात घरी बसावं लागतं तेव्हा ती जरूर वापरा, त्याला माझा विरोध नाही. पण ग्रीनवर पाय ठेवायला मिळाला आणि हातात वीसच मिनिटं असतील, तर त्यातली पंधरा लांबच्या पटला द्या. यावर मी ठाम आहे.

इंदिरानगर_१८:
मी उलटं करतो. पंधरा मिनिटं चार-पाच फुटांवर, होलच्या चारही बाजूंनी, म्हणजे चढ, उतार आणि दोन्ही वळणं येतात. उरलेली पाच लांबच्या पटला. देवळालीकर, होलच्या कडेचं मात्र पहिल्यांदाच कळलं. पावसाळ्यात गवत रोज वाढतं, तेव्हाही ती फाटकी बाजू दिसते का?

देवळालीकर:
पावसात कड लवकर वाळत नाही, त्यामुळे ओळखणं अवघड जातं. तेव्हा गवताचा रंग बघा. बॉलमागे उभं राहिल्यावर होलपर्यंतचं गवत चमकदार, फिकं दिसलं तर झुकाव होलकडे, गडद दिसलं तर तुमच्याकडे. ढगाळ असेल तर दोन्ही बाजूंनी उभं राहून बघा, फरक लक्षात येतो.